कळा सोसणाऱ्या बाईला एकटं ठेवण्याचा अधिकार कुणी दिला?

बाळंतपण दवाखान्यातच व्हावं, हे आता महाराष्ट्रात कुणाला पटवून द्यावं लागत नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातली जवळपास ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाल्याची नोंद आहे. २०१८-२० या काळात राज्यातला मातामृत्यूचा दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ होता, देशाचा ९७. आशाताईंनी घरोघर फिरून, सासवांशी वाद घालून बायकांना दवाखान्यापर्यंत आणलं, त्यांचा या आकड्यांत मोठा वाटा आहे. तो कुणी नाकारू नये.

पण बाई दवाखान्याच्या दारात पोहोचली की आपलं काम संपलं, असं सरकारने धरलं आणि आपणही धरलं. त्या दाराच्या आत तिच्याशी कोण कसं बोलतं, तिला तहान लागली तर पाणी कोण देतं, तिची सही कोण कशावर घेतं, याबद्दल ना सरकारी जाहिरातीत काही असतं, ना मोहल्ल्यातल्या गप्पांत. बाळ-बाळंतीण सुखरूप, पेढे वाटा, विषय संपला. बाई जगली हे पुरेसं मानायचं आणि बाकीचं तिने विसरायचं, अशी आपल्याकडची रीत आहे.

मला ती मान्य नाही. मी दोन मुलींची आई आहे, एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते आणि मला माझी दोन्ही बाळंतपणं तपशिलाने आठवतात. त्यातलं पहिलं इथे सांगते, कारण ते माझ्या एकटीचं नाही. पाच बायका एकत्र बसल्या की त्यातल्या तिघी तरी हेच सांगतात.

आत फक्त पेशंट

थोरलीच्या वेळी मगरिबनंतर कळा सुरू झाल्या आणि अकराच्या सुमारास पाणी गेलं. जिल्ह्याच्या एका मोठ्या सरकारी दवाखान्यात आम्ही पोहोचलो. लेबर रूमच्या दारातच आयाने अम्मीला अडवलं, "बाहेर थांबा, आत फक्त पेशंट." बांगड्या, बुरखा, चपला एका कॅरीबॅगमध्ये भरून अम्मीच्या हातात दिल्या आणि दार लावून घेतलं. त्यानंतर सकाळी दहापर्यंत मला घरचं एकही माणूस दिसलं नाही.

आत तीन टेबलं होती, मध्ये पडदा नव्हता. शेजारच्या टेबलावर तांड्यावरून आलेली एक लमाणी पोरगी होती. ती तिच्या गोरमाटीत आईला हाका मारत होती आणि सिस्टर तिला मराठीत ओरडत होत्या, "तेव्हा गोड लागलं ना, आता कशाला बोंबलतेस?" हे वाक्य महाराष्ट्रातल्या किती लेबर रूममध्ये, किती बायकांनी ऐकलं असेल याची गणती नाही. एक बाई दुसऱ्या बाईला तिच्या आयुष्यातल्या सगळ्यात अवघड क्षणी हे म्हणते आणि आजूबाजूचं कुणी दचकतही नाही.

मग माझी पाळी आली. कागदावर नाव वाचून सिस्टरांनी विचारलं, "कितवं?" मी म्हटलं, "पहिलं." त्या शेजारच्या आयाकडे बघून हसल्या, "पहिलंच? अजून बरीच हजेरी लागायची मग. तुमच्यात काय, थांबतच नाहीत." मी त्यांना मराठीत, शाळेत बोलते त्या मराठीत, सांगितलं की मला पाणी हवं आहे आणि पिशवीचं तोंड किती उघडलंय ते मला कळायला हवं. त्यांचा सूर एकदम बदलला. "अगंबाई, किती छान मराठी बोलता तुम्ही! वाटत नाही हो मुस्लिम."

हे कौतुक मराठी मुसलमानाला जन्मभर ऐकावं लागतं, पण कळांच्या मधोमध ऐकल्यावर त्याचा अर्थ जास्त नीट कळतो. माझ्या भाषेमुळे मला माणसाचा दर्जा मिळाला. गोरमाटी बोलणाऱ्या त्या पोरीला तो मिळाला नाही. माझ्या जागी नुसती दखनी बोलणारी माझी मावसबहीण असती तर तिलाही मिळाला नसता. आणि पाणी मलाही मिळालं नाहीच.

पहाटे एक फॉर्म समोर आला. "तांबी बसवतो, सही करा." कळ येत होती, जात होती, मला अक्षरं दिसत नव्हती. मी सही केली नाही तर बोलणी बसली. शेवटी आयाने कोपराने पोट दाबलं, न सांगता खाली छेद दिला गेला, टाके पडले. मुलगी झाली. बाहेर अम्मीकडे दोनशे रुपये मागितले गेले. मुलगा असता तर पाचशे पडले असते, असंही वर ऐकवलं गेलं. २०११पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण पूर्ण मोफत आहे, हे त्या भिंतीवर रंगवलेलं होतं.

कितवं?

"कितवं" हा प्रश्न चुकीचा नाही. डॉक्टरला तो विचारावाच लागतो. पहिलटकरणीच्या कळा लांबतात, पाचहून जास्त बाळंतपणं झालेल्या बाईला नंतर रक्तस्राव होण्याचा धोका जास्त असतो. म्हणजे ज्या बाईचं सहावं आहे, तिच्याकडे जास्त लक्ष द्यायला हवं. आपल्याकडे तिला जास्त टोमणे मिळतात. प्रश्न वैद्यकीय असतो, त्यापुढचं वाक्य वैद्यकीय नसतं. ते प्रचारातून येतं, व्हॉट्सॲपवरून येतं, चार बायका आणि चाळीस पोरं या जुन्या विनोदातून येतं.

ज्यांना आकडेच हवेत त्यांच्यासाठी आकडे. १९९२-९३च्या पहिल्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या मुस्लिम स्त्रीमागे सरासरी ४.४ मुलं होती. २०१९-२१च्या पाचव्या सर्वेक्षणात ती २.४ झाली. हिंदू स्त्रियांमध्ये हाच आकडा ३.३वरून १.९वर आला. दोघींमधलं अंतर कमी कमी होत चाललं आहे आणि जिथे मुली शिकल्या तिथे ते जास्त झपाट्याने कमी झालं. हे सरकारचेच आकडे आहेत, लेबर रूमपर्यंत ते पोहोचलेले नाहीत इतकंच.

पण मला आकड्यांच्या मागे लपायचं नाही. उद्या हा दर वाढला तरी माझा मुद्दा तोच राहील. समोरच्या टेबलावर सरासरी झोपलेली नसते, एक बाई झोपलेली असते. तिला सात मुलं असोत की हे पहिलं असो, ती त्या क्षणी कुठल्याही समाजाची प्रतिनिधी नाही. तिला टोमणा मारायचा हक्क कुठल्याही सर्वेक्षणाने कुणाला दिलेला नाही.

आणि हा एकट्यादुकट्या सिस्टरचा तऱ्हेवाईकपणा आहे असंही कुणी सांगू नये. बुरख्यातल्या बायकांना बाजारात, शाळेत, बसमध्ये आणि दवाखान्यात तुसडी वागणूक मिळते, ही तक्रार २००६ साली सच्चर समितीने आपल्या अहवालात नोंदवली होती. त्यावर आपण आरक्षणाची चर्चा केली, महामंडळांची चर्चा केली, नोकऱ्यांच्या टक्केवारीवर भाषणं केली. दवाखान्यातल्या त्या वाक्याकडे पुन्हा वळून पाहिलं नाही, कारण ते बायकांचं दुखणं होतं.

कागद काय म्हणतो

आता एक गोष्ट, जी बहुतेक घरांत माहीत नाही. कळांच्या वेळी सोबतीला एक माणूस असणं ही मेहेरबानी नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने फेब्रुवारी २०१६मध्ये सरकारी दवाखान्यांत बाळंतपणाच्या वेळी सोबतीण ठेवायला परवानगी दिली. अटी साध्या आहेत: ती नात्यातली बाई असावी, शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली, तिला संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, पूर्ण वेळ थांबावं, उपचारात ढवळाढवळ करू नये. जिथे आडोशाची नीट सोय आहे तिथे नवऱ्यालाही सोबत राहता येतं, असं त्याच सूचनेत आहे. डिसेंबर २०१७मध्ये लेबर रूम सुधारण्यासाठी 'लक्ष्य' हा कार्यक्रम आला. त्यातही टेबलाला पडदा, सोबतीला माणूस, शिवीगाळ आणि मारहाण नको, हे लिहिलेलं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८मध्ये कळा आणि जन्म यांविषयी शिफारशी काढल्या. बाईशी सन्मानाने वागा, तिच्या पसंतीचं माणूस सोबत राहू द्या, धोका नसलेल्या बाईला कळांच्या काळात खाऊपिऊ द्या, सरसकट छेद देऊ नका, पोट दाबून बाळ बाहेर ढकलू नका. माझ्या त्या रात्रीची यादी या यादीशेजारी ठेवून पाहा. जे करा म्हटलं आहे ते झालं नाही, जे करू नका म्हटलं आहे ते सगळं झालं.

सोबतीने काय फरक पडतो, हे भावनेने सांगायची गरज नाही. २०१७मध्ये कॉक्रेनच्या आढाव्यात सतरा देशांतले सव्वीस अभ्यास एकत्र तपासले गेले, पंधरा हजारांहून जास्त बायकांचे. ज्यांच्या जवळ सतत कुणीतरी होतं त्यांची नैसर्गिक बाळंतपणं जास्त झाली, सिझर कमी झाली, कळांचा वेळ कमी झाला. औषध नाही, यंत्र नाही, खर्च नाही. पाठीवर एक हात.

आपल्या देशात खासगी दवाखान्यांतलं दर दुसरं बाळंतपण सिझरने होतं. पाचव्या सर्वेक्षणातला आकडा ४७ टक्के आहे, सरकारी दवाखान्यांत १४ टक्के. प्रत्येक सिझर नको असलेलं असतं असं मी म्हणत नाही. कित्येक बाळं आणि आया त्याच्यामुळे जगल्या आहेत. पण एकट्या, घाबरलेल्या बाईला काहीही पटवून देणं सोपं असतं, आणि बाहेर बसलेल्या नवऱ्याला "बाळाचे ठोके कमी होताहेत" हे वाक्य ऐकवलं की तोही प्रश्न विचारत नाही. जवळचं माणूस आत असेल तर निदान एक प्रश्न विचारला जाईल. दवाखाना प्रामाणिक असेल तर त्याला त्या प्रश्नाची भीती वाटायचं कारण नाही.

गर्दीची सबब

यावर दवाखान्याची बाजू ठरलेली असते. गर्दी असते, जागा नाही, संसर्ग होतो, नातेवाईक दंगा करतात.

यातलं काही खरं आहे. रात्रपाळीला एका सिस्टरवर चार-पाच कळा देणाऱ्या बायका असतात, बाळं बघायची, रजिस्टर भरायची, औषधांचा हिशेब ठेवायचा. तिच्याशीही वरचे लोक कसे बोलतात ते मी ऐकलं आहे. तिची बाजू घ्यायला मी तयार आहे, जागा भरा म्हणून तिच्यासोबत मोर्चात चालायलाही तयार आहे. पण मग सोबतीण तिची मदतनीसच ठरते. पाणी पाजणं, पाठ चोळणं, हात धरणं, रक्त जास्त जातंय असं दिसलं तर हाक मारणं, ही कामं सोबतीण करेल. तामिळनाडूने २००४पासून सरकारी दवाखान्यांत सोबतीण आत घ्यायला सुरुवात केली. तिथल्या दवाखान्यांत गर्दी नसते की काय?

संसर्गाचं म्हणाल तर ज्या खोलीत आया चहाचे कप घेऊन ये-जा करते, तिथे हात धुऊन आलेल्या आईमुळेच जंतू येतात, हे मला कुणीतरी समजावून सांगावं. खरं कारण सगळ्यांना माहीत आहे. दार बंद असलं की आत काय बोललं गेलं त्याला साक्षीदार नसतो.

आता आपल्या घराकडे

इथपर्यंत वाचून ज्यांनी मान डोलावली, त्यांनी थोडं थांबावं. दवाखान्याचं दार बाहेरून कुणीतरी बंद केलं. दुसरं एक दार आपण आतून लावून घेतलं आहे.

कळांच्या वेळी बाईला एकटं पाडायचं काम आपली घरंही करतात. "आमच्या वेळी आम्ही शेतात बाळंत झालो" म्हणणारी सासू, "अल्लाह सब ठीक करेगा" म्हणून टपरीवर जाऊन बसलेला नवरा, "ओरडू नको, बाहेर मर्द बसलेत" असं बजावणारी फुफ्फी. दुआ जरूर करावी. पण दुआ आणि पाण्याचा ग्लास यांत वैर नाही.

ज्यांना धर्माचा दाखला हवा आहे त्यांनी सूरह मरियम उघडून पाहावी. आपल्याकडे ती गरोदर बाईला वाचायला सांगतात, बरकत म्हणून. अर्थ मात्र क्वचितच कुणी सांगतं. कळांनी व्याकूळ झालेली मरियम खजुरीच्या बुंध्याशी येते आणि म्हणते की मी याआधीच मेले असते तर बरं झालं असतं. जिला कुराणाने जगातल्या स्त्रियांमध्ये निवडलेली म्हटलं आहे, ती हे म्हणते. तिला कुणी सांगत नाही की असं बोलू नये, सब्र कर. तिला जे ऐकू येतं त्यातली पहिली गोष्ट ही, की दुःख करू नकोस. मग पायाखालचा झरा दाखवला जातो, ताजी खजूर दिली जाते, खा, पी, डोळे निवव. धीर, पाणी, अन्न. क्रमसुद्धा हाच. आणि तिच्या चारित्र्याबद्दल प्रश्न विचारणारे लोक नंतर येतात, तेव्हा तिला उत्तर देण्याच्या ओझ्यातूनही मोकळं केलं जातं.

सूरह लुकमानमध्ये आईने थकव्यावर थकवा सोसून मूल पोटात वाढवलं याची आठवण मुलाला करून दिली आहे. आईच्या पायाखाली जन्नत आहे, हे जुम्म्याच्या बयानात वर्षाला दहा वेळा ऐकू येतं. ती आई होत असताना तिच्या उशाशी कोण होतं, हे एकदाही विचारलं जात नाही. एखाद्या इमामसाहेबांनी एका जुम्म्याला एवढंच सांगावं, की घरातल्या बाईचे दिवस भरत आले असतील तर तिला विचारा, तुझ्यासोबत आत कोण हवं? त्या एका वाक्याने जितकी घरं बदलतील तितकी माझ्या लेखाने बदलणार नाहीत.

सही कुणाची?

सिझरचा निर्णय घ्यायची वेळ येते तेव्हा आपल्याकडे फोन लागतात. नवरा त्याच्या वडिलांना विचारतो, ते मोठ्या भावाला विचारतात, तो ओळखीच्या कंपाउंडरला. "सिझर नको, नॉर्मलच करा, पुढची पोरं कशी होणार" असं कुणीतरी म्हणतं. तोवर अर्धा तास जातो. आत बाळाचे ठोके खरोखर कमी होत असतील तर तो अर्धा तास परत येत नाही.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या २००८च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शुद्धीत असलेल्या सज्ञान बाईवर शस्त्रक्रिया करायची तर संमती तिचीच हवी. तिथे आईने दिलेली संमतीही चालली नाही. कुटुंब नियोजनाच्या शस्त्रक्रियेलाही नवऱ्याची सही बंधनकारक नाही. म्हणजे जिचं पोट आहे तिची सही. ती सही कळांच्या मधोमध दटावून घेणारा दवाखाना जितका दोषी, तितकंच ती सही सासऱ्याच्या खिशात ठेवणारं घर. तांबी हवी की नको, सिझरची वेळ आली तर काय करायचं, हे सातव्या-आठव्या महिन्यात, बाईशी, बसून, तिच्या भाषेत बोलायचं असतं.

लेडी डॉक्टर कुठून येणार?

आपल्या बाईला गैरमर्द डॉक्टरने हात लावू नये असा आग्रह धरणारी घरं मी पाहिली आहेत. बाईला स्वतःला तसं हवं असेल तर तिची इच्छा मानलीच पाहिजे, त्यात हसण्यासारखं काही नाही. जिवाचा प्रश्न असेल तेव्हा मनाई सैल होते, हे शरियतचंच तत्त्व आहे आणि ते प्रत्येक आलिम सांगेल. पण आग्रह धरणाऱ्यांना एक प्रश्न आहे. दहावीनंतर तुमच्या मुलीचं काय झालं? सायन्सला घातलं का? नर्सिंगला पाठवलं का? रात्रपाळी आहे म्हणून जिला नर्स होऊ दिलं नाही, तिच्याच वहिनीसाठी रात्री दोन वाजता लेडी डॉक्टर मागता, ती आभाळातून पडणार आहे का?

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. आनंदीबाई जोशी चौदा वर्षांच्या असताना बाळंत झाल्या आणि त्यांचं बाळ दहाच दिवसांत गेलं. त्या दुःखातून त्या अमेरिकेत जाऊन शिकल्या आणि १८८६मध्ये डॉक्टर झाल्या. त्याच वर्षी मुंबईत कामा हॉस्पिटल उभं राहिलं, बायकांनी बायकांवर उपचार करण्यासाठी. त्याच्याही आधी, १८६३मध्ये, पुण्यात जोतिबा आणि सावित्रीबाईंनी फसवल्या गेलेल्या विधवांच्या बाळंतपणासाठी आपल्या घराचं दार उघडलं. ज्या बाईला सगळा गाव नावं ठेवत होता, तिला सावित्रीबाईंच्या घरी टोमणा न ऐकता बाळंत होता येत होतं. दीडशे वर्षांपूर्वी ज्या राज्यात हे झालं, त्या राज्यातल्या लेबर रूममध्ये आज लमाणी पोरीला शिव्या आणि मुसलमान बाईला हिशेब ऐकवला जातो. फुले-शाहू-आंबेडकरांचं नाव घेणाऱ्यांनी याची लाज वाटून घ्यावी. आणि सावित्रीबाईंसोबत फातिमा शेख यांचं नाव अभिमानाने सांगणाऱ्या आपण आपल्या मुलींचं शिक्षण कुठे थांबवतो, याचीही.

बाप कुठे असतो?

बाळ जन्मलं की बापाला आत बोलावतात, अजान द्यायला. ती किती सुंदर गोष्ट आहे. जगात आलेल्या जिवाच्या कानात पहिला आवाज बापाचा. पण त्याआधीचे बारा तास तो आवाज त्या जिवाच्या आईला ऐकू येऊ नये, असा नियम कुठे आहे? नवरा-बायकोत पडदा नसतो, हे मदरशातलं पोरही सांगेल. शेजारच्या टेबलावरच्या बाईची अब्रू राखायची म्हणून नवऱ्याला आत घेता येत नाही, हे कारण खरं आहे. पण मग मागणी पडद्यांची करा. एका टेबलाभोवती पडदा लावायला किती मीटर कापड लागतं? मोहल्ल्यात जलशासाठी मंडप घालणाऱ्यांना हा हिशेब अवघड नाही.

धाकटीच्या वेळी मी दुसऱ्या सरकारी दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "सोबत कोण थांबणार?" माझी मोठी बहीण आत आली, हात धुऊन, डोक्याला टोपी घालून. तिने पाणी पाजलं, कमरेला हात लावून बसली, मला चालवलं. सिस्टर तिला "ताई, जरा हे धरा" म्हणत होत्या. कळा तेवढ्याच होत्या. त्या रात्री मला कुणी टोमणा मारला नाही, कारण ऐकणारी दुसरी बाई तिथे उभी होती. तेही सरकारीच होतं, तिथेही गर्दी होती, तिथेही सिस्टर कमीच होत्या. म्हणजे जमतं. ज्यांना जमवायचं नाही त्यांनी निधीचं कारण सांगू नये.

काय मागायचं

मागणी मोठी नाही. प्रत्येक लेबर रूमच्या बाहेर मोठ्या अक्षरात, मराठीत, उर्दूत आणि त्या भागातल्या बोलीत पाटी असावी: "सोबतीला एक माणूस आत थांबू शकतं." प्रत्येक टेबलाला पडदा असावा. तांबी आणि शस्त्रक्रियेविषयी बोलणं गरोदरपणातच व्हावं आणि त्याची नोंद कार्डावर असावी. धर्मावरून, जातीवरून, मुलांच्या संख्येवरून शेरेबाजी केली तर तक्रार कुणाकडे करायची त्या माणसाचं नाव आणि नंबर भिंतीवर असावा. रुग्ण कल्याण समित्यांमध्ये आपल्या वस्तीतल्या बायका जाऊन बसाव्यात. पुढारी तिथे गेले की फक्त उद्घाटनाचे फोटो येतात.

आणि आपल्या घरात, नववा महिना लागण्याआधी, तीन गोष्टी ठरलेल्या असाव्यात: सोबत कोण जाणार, हे बाईने सांगायचं. सही कोण करणार, तर तीच. दारात अडवलं तर काय म्हणायचं, हे सोबत जाणाऱ्या प्रत्येकाला पाठ असावं: २०१६पासून परवानगी आहे, नाही म्हणत असाल तर लिहून द्या.

"लिहून द्या" हे दोन शब्द म्हणायला शिका. शंभरातल्या नव्वद ठिकाणी कुणी लिहून देणार नाही, आणि दार उघडेल.